धार काढा, बूड राहू द्या: मल्टी-टूलमधलं पातं काढायची रीत

खिशातल्या मल्टी-टूलमधलं पातं हा बहुतेकांच्या रोजच्या वापरातला सगळ्यात कमी कामाचा भाग असतो. पक्कड लागते, स्क्रूड्रायव्हर लागतात, कातर लागते. गेटवर बॅग उघडायला मात्र पातं लावतं. मेट्रोचा स्कॅनर, स्टेडियमचा दरवाजा, कोर्टाची तपासणी, सगळीकडे पडद्यावर तोच लांबट काळा आकार दिसतो आणि पुढची दहा मिनिटं समजावण्यात जातात.

मुंबईत याला कायद्याची बाजूही आहे. शस्त्र कायद्याखालच्या नियमांतलं ९ इंच लांबीचं माप खिशातल्या हत्याराला लागू व्हायचा प्रश्नच येत नाही, म्हणून पुष्कळ जण निर्धास्त असतात. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) खाली शहरात वेळोवेळी मनाई आदेश निघतात. त्या कलमात तलवारी, भाले, लाठ्या यांच्या रांगेत सुरेही आहेत आणि तिथे इंचांचं माप दिलेलं नाही. पातं नसलेली पक्कड घेऊन फिरणं हे पातं असलेल्या पकडीपेक्षा सोपं, एवढाच याचा व्यवहारी अर्थ.

विमानतळासाठी हा खटाटोप करणार असाल तर आधी थांबा. अमेरिकेत पातं नसलेलं ७ इंचांपर्यंतचं हत्यार हातसामानात चालतं, आणि इंटरनेटवरचे बरेचसे सल्ले तिथले असतात. आपल्याकडे सुरक्षा रांगेत पक्कड आणि स्क्रूड्रायव्हरही अडवले जातात आणि शेवटचा शब्द समोरच्या सीआयएसएफ जवानाचा असतो. पातं काढलं तरी विमानात हत्यार चेक-इन बॅगेतच टाका.

आता मुद्द्याचं. पहिल्यांदा हे काम करणारा माणूस स्क्रू काढतो, पातं उचलून बाजूला ठेवतो, स्क्रू परत आवळतो, आणि हत्यार बिघडून बसतं. शेजारचा स्क्रूड्रायव्हर लटलटतो किंवा उलट उघडतच नाही, मुठीच्या दोन भिंती आत झुकतात, कुलपाची पट्टी, म्हणजे उघडलेलं पातं अडवून धरणारी स्प्रिंगची पट्टी, मोकळ्या जागेत येऊन बोटाला लागते. कारण साधं आहे. मल्टी-टूलची मूठ म्हणजे एका आसावर दाबून बसवलेली चळत. पात्याची जाडी त्या चळतीचा भाग असते. ती काढली की बाकी सगळ्यांचं गणित चुकतं. म्हणून पात्याचं मूळ, म्हणजे भोक असलेला, आसावर फिरणारा गोल भाग, ज्याला इथे बूड म्हणू, तो जागेवर ठेवायचा आणि पुढची पट्टी तेवढी उडवायची. कारखान्याने नेमक्या जाडीचा, नेमक्या भोकाचा वायसर तुम्हाला आधीच करून दिलाय, तो फेकू नका.

आधी बांधणी ओळखा

मुठीच्या दोन्ही बाजू उजेडात धरा. आसाच्या टोकाला सहा टोकांच्या चांदणीचा खड्डा दिसला तर हत्यार स्क्रूचं. त्या खड्ड्याच्या मध्यभागी बारीक खुंटी उभी असेल तर साधा बिट बसणार नाही, त्याला पोकळ टोकाचा बिट लागतो. दुकानात ‘टॉर्क्स’ म्हणालात तर कधी कधी चेहरे कोरे राहतात. ‘स्टार बिट, भोकवाला’ म्हणा. टी६ ते टी१५ असा संच घ्या, कारण एकाच हत्यारात दोन मापांचे स्क्रू असणं नेहमीचं आहे.

खड्डा नाही, नुसतं गुळगुळीत घुमटाकार डोकं आहे, म्हणजे रिवेट. आणि बाजूला प्लॅस्टिकची लाल किंवा काळी आवरणं असलेला स्विस चाकू असेल तर पितळी पिना त्या आवरणांच्या खाली लपलेल्या असतात. तिन्हींची रीत वेगळी आहे.

काढायचं नक्की काय, तेही आत्ताच ठरवा. लेदरमन कंपनीच्या ‘वेव्ह’सारख्या हत्यारात साधं पातं आणि दातेरी पातं अशी दोन असतात, शिवाय बाहेरच्याच बाजूला करवत. पाती काढून करवत ठेवलीत तर गेटवरचा संवाद जवळजवळ तसाच होणार आहे. आर, म्हणजे भोकं पाडायचं टोकदार अवजार, हेही लोक विसरतात. कातर मात्र गोल टोकाची असेल तर राहू द्या.

लेदरमनची हमी २५ वर्षांची असते, पण स्वतः कापाकापी केलेल्या हत्यारावर तिचा हक्क सांगता येत नाही. नवंकोरं हत्यार असेल तर हा हिशेब करून मगच स्क्रूला हात लावा. हात बसवायला मटण स्ट्रीटवर, चोर बाजारात, जुनं हत्यार बघा. तिथली दुकानं शुक्रवारी बंद असतात.

सामान

नागदेवी स्ट्रीटला एका फेरीत जवळजवळ सगळं मिळतं: वायसर, फिलर गेज (जाडी मोजायच्या पातळ पात्यांचा संच), पिन पंच (पिना ठोकून काढायची सळई), कटिंग व्हील, वाईसच्या जबड्यांना लावायला तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी. मस्जिद स्टेशनवरून चालत जा. बारीक भोकवाले बिट मात्र लॅमिंग्टन रोडला, मोबाइल दुरुस्तीच्या सामानात, जास्त चांगले मिळतात. बिटवर काटकसर करू नका. मऊ पोलादाचा बिट स्क्रूच्या खड्ड्यात फिरला की खड्डा गोल होतो, आणि मग काम दहापट वाढतं.

याशिवाय हवा व्हर्निअर कॅलिपर, छोटं रोटरी मशीन, हिऱ्याच्या चुऱ्याची बारीक कानस, ४०० नंबरचा पॉलिश पेपर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, निळं म्हणजे मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (स्क्रू आपोआप सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा चिकट द्रव), शिलाई मशीनचं तेल. चष्मा सुरक्षेचा, नेहमीचा नव्हे. आणि फिरत्या मशीनजवळ सुती हातमोजे घालू नका. धागा अडकला की बोटही ओढलं जातं.

स्क्रूचं हत्यार

कामाच्या टेबलावर पांढरा कपडा पसरा. पांढराच, कारण पात्याला तेलाने चिकटलेली एक पातळ चकती असते, पितळी रंगाची किंवा नायलॉनची, आणि ती गुपचूप पडते. हे काम फसण्याचं सगळ्यात मोठं कारण तीच चकती आहे. शेजारी मास्किंग टेपची पट्टी चिकट बाजू वर करून ठेवा. जे जे निघेल ते त्याच क्रमाने, त्याच तोंडाने तिच्यावर ठेवत जा. प्रत्येक थराला मोबाइलवर एक फोटो.

स्क्रू पहिल्या झटक्यात सुटला नाही तर जोर वाढवू नका. आत वाळलेलं थ्रेडलॉकर असतं. तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर १०–१५ सेकंद टेकवा, मग बिट सरळ उभा धरून, वरून दाब देऊन, हळू फिरवा. जास्त वेळ तापवलंत तर आतली नायलॉनची चकती वितळेल. काही आसांना दोन्ही बाजूंनी स्क्रू असतात आणि एक फिरवला की दुसराही फिरतो. तिथे दोन्ही बाजूंना एकेक बिट लागतो, म्हणून संच घेताना त्या मापाचे दोन बघा.

मूठ उघडायच्या आधी एक खूण करायची आहे. पातं पूर्ण उघडा, आणि मुठीची कड जिथे संपते तिथे पात्यावर मार्करने रेघ मारा. मग पातं मिटून, कुलपाची पट्टी बुडावर कुठे टेकते ते पाहा. उघडताना पातं ज्या खुंटीवर येऊन थांबतं ती जागाही बघून घ्या. या दोन जागा शाबूत राहायला हव्यात. थांबण्याची जागा कापली गेली तर बूड भोवऱ्यासारखं गोल फिरत राहील.

पातं बाहेर काढलं की बुडाची जाडी व्हर्निअरने मोजून लिहून ठेवा. पुढे कधी बूड हरवलं तर हाच आकडा उपयोगी पडेल. मग पात्याची पट्टी वाईसमध्ये धरा, बूड बाहेर. रेघेच्या पुढे, म्हणजे टोकाच्या बाजूला, १ मिमी सोडून कटिंग व्हील लावा. हॅकसॉचा विचार सोडा. स्विस चाकू बनवणारी व्हिक्टोरिनॉक्स आपल्या पात्यांची कठिणता ५६ एचआरसी (रॉकवेल हे पोलादाच्या कठिणतेचं माप) सांगते, स्प्रिंगची ४९. दोहोंमधला हा फरक हाताला लगेच कळतो. स्प्रिंग कानशीने घासता येते, पात्यावर साधी कानस आणि करवतीचं पातं बहुतेक घसरतंच. पातं वाईसमध्ये धरून हातोडीने मोडणं तर त्याहून वाईट. कठीण पोलाद वाकत नाही, तुटून उडतं, आणि बहुधा नखाच्या खाचेपाशी, जिथे तुम्हाला नको तिथे.

व्हील घेताना त्यावर छापलेली फेऱ्यांची मर्यादा मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्त आहे ना, ते पाहा. व्हील पात्याला चिकटवून दाबायचं नाही. हलका स्पर्श, दोन-तीन सेकंद, उचल, परत. शेवटचा १ मिमी शिल्लक असताना मशीन बंद करा आणि बूड पकडीत धरून हलवून तोडा. नाहीतर गरम तुकडा कुठे उडेल ते सांगता येत नाही. कापताना पोलाद निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं, म्हणजे कठीणपणा गेला, असं समजतात, आणि एरवी ती मोठी चूक. इथे चालून जातं, कारण बुडावर आता कसलाच भार येणार नाही.

राहिलेली कड हिऱ्याच्या कानशीने रेघेपर्यंत आणा, कोपरे गोल करा, पॉलिश पेपरने मऊ करा. नखाने घासून बघा. नख अडकत असेल तर खिशाचं अस्तरही अडकणार.

परत बांधताना सगळं अल्कोहोलने पुसा, आट्यांतला जुना पांढरा किंवा निळा चुरा दात कोरायच्या काडीने काढा. पावसाळ्यात हे काम करत असाल तर सुटे भाग हेअर ड्रायरखाली पाच मिनिटं ठेवा. मुंबईच्या जुलैमध्ये पुसलेलं पोलादही ओलंच असतं आणि बंद मुठीच्या आत धरलेला गंज महिन्याभराने हत्यार जाम झाल्यावरच कळतो. आसाला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, एकच. थ्रेडलॉकर आणि तेल एकमेकांना भेटू देऊ नका: आधी स्क्रूच्या टोकाच्या दोन-तीन आट्यांना थ्रेडलॉकर, तेल नंतर आसाच्या फटीतून.

स्क्रू पूर्ण बसेपर्यंत फिरवा आणि मग सुमारे एक अष्टमांश फेरा मागे घ्या. प्रत्येक अवजार उघडून मिटून पाहा. ठीक वाटलं की २४ तास तसंच ठेवा, मध्येच ‘जरा बघू’ म्हणून हलवू नका. बूड मिटलेल्या स्थितीत ठेवलं की कुलपाची पट्टी त्याच्या बाजूला टेकून शांत बसते.

बूड नसेल तर

कधी बूड हरवतं, कधी आधीच्या माणसाने अख्खं पातं काढून टाकलेलं असतं. मग जाडी वायसरने भरायची. एम४ च्या साध्या वायसरची जाडी ०.८ मिमी आणि बाहेरचा व्यास ९ मिमी असतो, एम५ ची जाडी १ मिमी, एम३ ची ०.५ मिमी. हे छापील आकडे आहेत. पाकिटातला प्रत्येक वायसर वेगळा मोजा, कारण ठोकून कापल्यामुळे एका बाजूला कंगोरा राहतो. काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून त्यावर तो वायसर घासला की कंगोरा जातो.

समजा शेजारच्या जोडपात्याचं बूड २.५ मिमी भरलं आणि आस ४ मिमीचा आहे. एम४ चे तीन वायसर म्हणजे २.४. उरलेला ०.१ मिमी कोल्ड्रिंकच्या रिकाम्या डब्याच्या भिंतीचा पत्रा भरून काढतो, तो कातरीने गोल कापता येतो. डबा नको असेल तर फिलर गेजची पाती आहेत, पण त्यांना भोक पाडायला गेलात तर ड्रिलचं टोक जातं. पत्राच बरा.

वायसरचा दोष एकच, पण महत्त्वाचा: तो कुलपाच्या पट्टीला अडवत नाही. पट्टी आत झेपावते आणि मिटताना पकडीच्या दांड्याला घासते. लोक ती पट्टी वाकवून बाहेर ढकलायला जातात. ती स्प्रिंगचं पोलाद आहे, परत येणारच. ज्या खणात असं कुलूप आहे तिथे २–३ मिमीच्या स्टेनलेस पट्टीतून बुडाच्या आकाराचा तुकडा कापून घ्या. जुन्या बुडाचा फोटो किंवा जोडीचं पातं नमुन्याला घ्या.

रिवेटचं हत्यार

इथे उघडण्याचा मोह आवरा. रिवेट ड्रिल करून काढता येतो, पण तितक्याच ताणाने परत ठोकणं हे सरावाचं काम आहे. जरा जास्त ठोकला की पक्कडच उघडत नाही. न उघडता कापा.

पातं पूर्ण उघडून कुलूप लागू द्या. मुठीच्या सगळ्या फटी मास्किंग टेपने बंद करा, त्यावर ओल्या फडक्याचे दोन वेढे. टेप नसेल तर कापण्याचा चुरा आत जातो आणि तो चुरा म्हणजे घासायचीच भुकटी, आस खातो. मूठ वाईसमध्ये लाकडाच्या दोन पट्ट्यांमध्ये धरा, तीही बेताने, नाहीतर मूठच चेपते. पातं मुठीच्या कडेपासून १–२ मिमी बाहेर कापा. दर पाच-सहा सेकंदांनी थांबून फडक्याने गार करा. आता पाणी उतरण्याची काळजी खरी आहे, कारण उष्णता आसातून शेजारच्या स्प्रिंगला आणि चकत्यांना पोचते. बोट टेकवून धरता येत नसेल इतकं बूड तापलं तर थांबायला उशीर झालाय.

कड गोल केल्यावर बूड आत मिटवता यायला हवं. पण मिटलं की परत काढायला धरायला काहीच उरत नाही, तेव्हा मिटवायच्या आधी चुरा ब्रशने आणि अल्कोहोलने नीट झटकून घ्या.

स्विस चाकू

मोठं पातं आणि छोटं पातं बहुतेक एकाच थरात, एकाच स्प्रिंगवर बसतात. त्यामुळे पट्टी कापण्याऐवजी तो अख्खा थर काढून चाकू पातळ करता येतो. दिसायला हे काम सगळ्यात सुबक होतं, करायला सगळ्यात किचकट आहे.

दातकोरणी आणि चिमटा काढा. चाकू गरम पाण्यात काही मिनिटं ठेवा, उकळत्या नव्हे. मग पातळ प्लॅस्टिक कार्ड आवरणाखाली आसाच्या टोकापासून सरकवा. ९१ मिमीच्या चाकूची आवरणं सहज सुटतात. ५८ मिमीच्या छोट्याची पातळ असतात, एखादं फुटलं तर नवल नाही. आतल्या पितळी पिनांची पसरलेली डोकी कानशीने सपाट करा आणि खाली भोकवाला ठोकळा किंवा मोठा नट ठेवून पिन पंचने हलकेच ठोका. स्प्रिंगांवर ताण असतो. शेवटची पिन निघताना चाकू फडक्यात गुंडाळलेला ठेवा, नाहीतर स्प्रिंग कपाटाखाली सापडेल.

मागच्या बाजूला कॉर्कस्क्रू किंवा आर असेल तर ते कोणत्या स्प्रिंगवर टेकतात ते पिना काढायच्या आधीच पाहून घ्या. तीच स्प्रिंग काढलीत तर मागचं अवजार लोंबकळेल. नवी पिन जुनीच मोजून त्याच व्यासाच्या पितळी सळईतून कापा, दोन्ही बाजूंना किंचित बाहेर ठेवा, आणि छोट्या हातोडीने जोरात एकदा न मारता हलक्या हाताने वीस-तीस वेळा. मध्येमध्ये अवजारं उघडून बघत राहा, कारण जास्त ठोकलेलं परत सैल होत नाही.

बिघाड आणि त्यांची कारणं

अवजार अर्ध्यावर अडकतं: भरण जाड झालं किंवा स्क्रू जास्त आवळला. स्क्रू थोडा ढिला करून पाहा. तरी अडकलं तर भरण काढून मोजा. सगळंच लटलटतं: भरण पातळ, किंवा ती चिकट चकती पांढऱ्या कपड्यावर अजून पडून आहे. एक अवजार ओढलं की शेजारचं सोबत येतं: दोघांच्या मध्ये कंगोरा किंवा चुरा आहे, किंवा वायसरचा खडबडीत चेहरा चुकीच्या बाजूला आलाय. दोन मुठी मिटताना एकमेकींना नीट भेटत नाहीत: एका बाजूचं भरण दुसरीपेक्षा जाड. वेव्हसारख्या हत्यारात दोन्ही मुठींतली पाती काढत असाल तर दोन्हीकडे सारखंच काम करा. एकीकडे बूड आणि दुसरीकडे वायसर ठेवलात तर तोल बिघडतोच.

आठवड्याभराच्या वापरानंतर स्क्रू एकदा तपासा. पुढे दर पावसाळ्यानंतर.

कापलेली पट्टी कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका. पिशवी उचलणाऱ्याच्या हाताला ती लागेल. धारेवर जाड पुठ्ठा दुमडून टेपचे चार-पाच वेढे द्या, पत्र्याच्या डब्यात घाला आणि भंगारवाल्याच्या हातात देताना आत काय आहे ते सांगा.